ज्याचं चित्र, त्याला दाखवलंत का?

पत्र:

सप्रेम नमस्कार. माझं वय २७. नाशिकमध्येच जी.डी. आर्ट केलं. गेली चार वर्षं मी गोदाघाटाची जलरंगातली निसर्गचित्रं काढते. बाहेरगावचे लोक ती घेतात, दिवाळीच्या सुमारास बऱ्यापैकी खपतात. वडिलांचं भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान आहे. ते प्रेमानेच विचारतात, "चित्र छान आहे गं, पण त्याचा उपयोग काय?" मला उत्तर सुचत नाही. आता एका समूहप्रदर्शनासाठी अर्ज करायचा आहे आणि त्यात 'आपल्या कलेचा उद्देश' २०० शब्दांत लिहायचा आहे. म्हणून आजचे चित्रकार काय म्हणतात ते वाचायला घेतलं, तर जास्तच गोंधळ झाला. सुधीर पटवर्धन म्हणतात, चित्रातल्या माणसांना त्यात स्वतःला पाहता आलं पाहिजे. तानिया ब्रुगेरा म्हणते, कला वापरता आली पाहिजे. गेरहार्ड रिश्टर कलेला आशेचं सर्वोच्च रूप म्हणतो. माझ्या चित्रांत माणसं म्हणजे लाल-पांढरे ठिपके. मी निसर्गचित्र सोडून माणसं रंगवायला घ्यावीत का? अर्जात काय लिहू? आणि बाबांना काय सांगू?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

अर्जातला तो रकाना सध्या रिकामाच राहू द्या. उद्देश आधी शब्दांत ठरवायचा आणि चित्र मागाहून त्यात बसवायचं, असा क्रम तुम्ही धरला आहे आणि गोंधळ तिथून सुरू झाला आहे. चित्रकाराचा उद्देश त्याने घेतलेल्या निर्णयांत सापडतो. तो कुठे बसला, किती उंचीवरून पाहिलं, माणूस कागदावर किती सेंटिमीटरचा काढला आणि पुरं झालेलं चित्र कोणासमोर धरलं, एवढं कळलं की उद्देश कळतो. तुमच्या चार वर्षांच्या चित्रांतही तो आहेच. तो तुम्हाला पटतो का, एवढंच बघायचं आहे.

पटवर्धनांचं म्हणणं तुम्ही 'निसर्गचित्र सोडा, माणसं काढा' असं वाचलेलं दिसतं. ते तसं नाही. त्यांचा जन्म १९४९ सालचा, पुण्याचा. शिक्षण डॉक्टरकीचं. २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि त्याच्या जोडीनेच चित्रं रंगवली. कलाशाळेत ते गेले नाहीत. १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन झालं. भूपेन खक्कर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि पटवर्धन असे सहा जण त्यात होते. चित्रात ओळखीचा माणूस आणि ओळखीची जागा परत आणायची, हा त्या प्रदर्शनाचा आग्रह होता. पटवर्धनांची त्या काळातली भूमिका अशी की, ज्या कष्टकऱ्यांची चित्रं ते काढत होते त्यांना त्या आकृतीत स्वतःची प्रतिमा दिसावी. चित्रातला माणूस दयेचा विषय होऊ नये, शोभेचाही होऊ नये.

या भूमिकेचा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही आणि तुमच्या कामाचा तोच आहे. चित्र काढणारा मध्यमवर्गीय डॉक्टर, चित्रातला माणूस कामगार आणि चित्र टांगलं जाणार गॅलरीत. ही दरी पटवर्धनांनी लपवली नाही, तिच्याबद्दल ते उघडपणे बोलत आले. पुढे त्यांच्या चित्रांत घराच्या आतले प्रसंग, स्वतःसारखी माणसं, स्वतःचं पाहणंसुद्धा येऊ लागलं. शहराची मोठी दृश्यं त्यांनी सोडली नाहीत. 'लोअर परळ' २००१ चं आहे. म्हणजे जागा रंगवणं आणि माणूस रंगवणं यांत त्यांनी एकाची निवड केली नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. २००८-०९ मध्ये समकालीन भारतीय कलेचं 'विस्तारणारी क्षितिजे' हे प्रदर्शन घेऊन ते महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत गेले. चित्र कोणासमोर ठेवायचं, हा प्रश्न त्यांनी असा हाताने सोडवला.

तेव्हा घाट सोडू नका. घाटावर तुम्ही कुठे बसता ते बदला.

दृष्टिपातळीपासून सुरुवात करू. यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) तुम्ही कॉलेजात शिकला आहात, पण ते इमारतींसाठी शिकवलं जातं. माणसांच्या बाबतीत त्याचं काय होतं ते क्वचितच कोणी सांगतं. तुम्ही उभ्या असाल तर डोळा जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर असतो. ४५ सेंटिमीटरच्या स्टुलावर बसलात तर तो ११५ ते १२० वर येतो. मांडी घालून बसलात तर ७० ते ७५ वर. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला तुमची दृष्टिरेषा, म्हणजे तुमच्या डोळ्याच्या उंचीवरून जाणारी आडवी रेषा, एकाच ठिकाणी छेदते, मग तो दहा फुटांवर असो की शंभर. उभ्याने काढलेल्या चित्रात ती सगळ्यांच्या डोळ्यांच्या आसपास जाते, स्टुलावरून काढलेल्या चित्रात छातीतून, मांडी घालून काढलेल्या चित्रात कमरेच्या खालून. गाडगे महाराज पुलावरून पाहिलंत तर ती सगळ्यांच्या डोक्यांवरून कितीतरी वर निघून जाते. तिथून दिसतात टोप्या, छत्र्या, खांदे. घाट सुंदर दिसतो आणि माणूस ठिपका होतो. तुमचे लाल-पांढरे ठिपके बहुतेक तिथून किंवा अशाच एखाद्या उंच जागेवरून आलेले असणार.

पायऱ्यांवर हिशेब थोडा बदलतो आणि चुका तिथेच होतात. पायरी १८ सेंटिमीटरची धरली आणि माणूस तुमच्याहून तीन पायऱ्या खाली उभा असेल, तर तो ५४ सेंटिमीटर खाली गेला. तुम्ही उभ्या, तो १६० सेंटिमीटर उंच. म्हणजे दृष्टिरेषा त्याच्या डोक्यावर ३९ सेंटिमीटर, जवळजवळ त्याच्या उंचीच्या पाव भाग वर येते. हे न मोजता माणूस ठेवला की तो पायरीत रुतलेला दिसतो किंवा तरंगतो. मोबाइलच्या फोटोवरून काढलं तर आणखी बिघडतं. रुंद लेन्समुळे जवळची माणसं अवाढव्य होतात, मागची एकदम किडामुंगीएवढी, आणि हात वर करून फोटो काढलेला असेल तर पातळीही तुमची राहत नाही. फोटो रंगांच्या आठवणीपुरता ठेवा. मापं जागेवरच घ्या, ब्रशच्या दांड्यावर अंगठा सरकवून.

आता घाटावर कोण कुठे बसतं ते आठवून पाहा. हार-फुलं विकणाऱ्या बायका बसलेल्या. पूजेचं साहित्य मांडून बसलेले. बुधवारच्या बाजारात भाजीवाले जमिनीवर गोणपाट टाकून बसलेले. धुणं धुणारी बाई वाकलेली किंवा उकिडवी. ज्यांचं घाटावर काम आहे ती माणसं बहुतांशी खालच्या पातळीवर असतात. उभे असतात ते येणारे-जाणारे. उभ्याने काढलेलं चित्र आपोआप येणाऱ्या-जाणाऱ्यांचं होतं. फूलवालीच्या समोर, तिच्याच पातळीवर बसलात तर तिचा डोळा आणि तुमची दृष्टिरेषा एक होते. मग तिच्यासमोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक उंच, पोट आणि हात पुढे आलेलं दिसतं, जसं ते तिला रोज दिसतं. पटवर्धनांचं म्हणणं कागदावर उतरवायचं तर सुरुवात इथून होते.

दुसरी बाब उजेडाची. रामकुंडाजवळ गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे पंचवटीचा काठ पूर्वेला पडतो. सकाळी ऊन पंचवटीच्या बाजूने येतं. शहराच्या काठावर बसून नदीपलीकडे पाहिलंत तर नारोशंकराच्या मंदिराची काळी आकृती, पाण्यावरची चमक आणि कडेला उजेडाची रेघ असलेली माणसं दिसतात. जलरंगाला हा विरुद्ध प्रकाश फार मानवतो: एक गडद वॉश (पाणी घातलेल्या रंगाचा सलग थर), थोडा सोडलेला कागद, आणि चित्र उभं राहतं. विकलंही जातं. पण या उजेडात चेहरा नसतो, साडीचा रंगही नसतो. माणूस आणि दगड एकाच छटेत मिसळतात, त्यातून घाटाचा काळा दगड आणि माणसाची सावली दोन्हींना तुम्ही अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचंच मिश्रण वापरत असाल तर अधिकच. चेहरे हवे असतील तर सकाळी पंचवटीच्या काठावर, सूर्याकडे पाठ करून बसा आणि पश्चिमेकडे पाहा. किंवा शहराच्याच काठावर संध्याकाळी बसा. सावलीत बसलेल्या माणसासाठी दहा-साडेदहानंतरचा वेळ उत्तम. समोरच्या फरशीवरचं ऊन परतून हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या खाचांत उजेड टाकतं.

मग आकार. हाफ शीट, म्हणजे जलरंगाच्या पूर्ण कागदाचा अर्धा, आडवा ३८ सेंटिमीटर उंच असतो. त्यावर दीड सेंटिमीटरचा माणूस काढला तर त्याचं डोकं दोन मिलिमीटरचं येतं. तिथे ब्रशचं टोक एक ठिपका ठेवू शकतं, बाकी काही नाही. कितीही मन ओतलं तरी त्या ठिपक्यात कोणी स्वतःला ओळखणार नाही. सहा सेंटिमीटरच्या माणसाचं डोकं आठ मिलिमीटरचं. मान कुठे वळली आहे, भार कोणत्या पायावर आहे, हात काय धरतो आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. घाटावरच्या माणसाला 'हा मीच' म्हणायला बहुधा एवढंही पुरतं, कारण माणूस स्वतःच्या माणसाला चालण्या-बसण्यावरून ओळखतो. बारा सेंटिमीटरवर डोकं दीड सेंटिमीटरच्या पुढे जातं आणि नाकाची सावली, कान, कपाळावरची आठी येऊ शकते. म्हणून एका चित्रात एकच माणूस दहा-बारा सेंटिमीटरचा, दोन-तीन पाच-सहाचे आणि बाकी गर्दी ठिपक्यांची, अशी वाटणी करून पाहा. ठिपके वाईट नसतात. सगळेच ठिपके असले की घाटाला माणसांची जत्रा लागते आणि माणूस एकही नसतो. लाल पागोटं आणि डोईवर घडा घेतलेली बाई ही दोन तर भरतीची माणसं झाली आहेत. आज घाटावर ती तुम्हाला कितीदा दिसतात, ते मोजून या.

रंगवताना एक ठरलेली चूक होते. माणसाची खालची बाजू पायरीच्या ओल्या वॉशमध्ये विरघळवायची असते, म्हणजे तो जागेला चिकटतो. वॉशची चमक असताना हात लावलात तर आकृती पसरते. चमक नुकतीच गेली आहे, पण कागद बोटाच्या पाठीला गार लागतो, अशा वेळी ब्रशमध्ये वॉशपेक्षा कमी पाणी ठेवून रंग खाली ओढा. ब्रशमध्ये जास्त पाणी असेल तर अर्धओल्या कागदात ते आधीचा रंग बाजूला ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग उठतो. बसलेल्या माणसाखालची सावली शेवटी वेगळी काढण्यापेक्षा याच क्षणी त्याच्यासोबत काढा.

आता घाटावर जाऊन काय करायचं. सहा फेऱ्या धरा, प्रत्येकी दोन तासांच्या, शक्यतो एकाच वेळी आणि एकाच जागी. पहिल्या फेरीत एक-एक मिनिटाची वीस स्केचेस, फक्त पाठीचा कणा, खांदा आणि भार कुठे पडतो एवढंच. दुसऱ्या फेरीत एक काम निवडा. हार गुंफणं, धुणं आपटणं, भाजी रचणं ही फिरून फिरून येणारी कामं आहेत; त्यातली प्रत्येक अवस्था काही सेकंदांनी परत येते. त्याचा फायदा घ्या. एका पानावर तीन-चार स्केचेस एकदम सुरू करा, एका अवस्थेचं एक. हात वर गेला की पहिल्यात चार रेघा, खाली आला की दुसऱ्यात. अर्ध्या तासात चारही पुरी होतात आणि माणसाला 'हलू नका' म्हणावं लागत नाही. हलू नका म्हटलेला माणूस लगेच फोटो काढून घेणाऱ्यासारखा ताठ होतो. तो तसा कधीच बसत नसतो.

तिसऱ्या फेरीपर्यंत ओळख होते. तेव्हा स्पष्ट विचारा: तुमचं चित्र काढलं तर चालेल का, ते विकलं तर चालेल का, खाली नाव लिहू की नको? तिन्ही वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. पंधरा मिनिटांहून जास्त वेळ घेणार असाल तर त्या वेळेचे पैसे द्या आणि ते आधी ठरवा, चित्र विकल्यावर नव्हे. चौथ्या फेरीत रंगांची टिपणं. पाचवीत क्वार्टर शीटवर रचना. सहाव्या फेरीला रंग नेऊच नका, फक्त चित्रं न्या.

एका बाबतीत मात्र हात आवरा. रामकुंडावर दशक्रियेला, अस्थिविसर्जनाला आलेली कुटुंबं तिथे त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात उघड्या क्षणी बसलेली असतात. त्यांचे चेहरे काढायचे नाहीत, दुरूनही नाहीत, कितीही चांगली रचना दिसत असली तरी. त्या अवस्थेत माणूस नाही म्हणू शकत नाही.

चित्र दाखवण्याची ती सहावी फेरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून तिची तयारी नीट करा. बुधवार टाळा, त्या दिवशी कोणाला मान वर करायला वेळ नसतो. दुपारी तीन-चारची विक्री मंदावलेली वेळ बरी. सहा ते आठ चित्रं पुरेत. क्वार्टर शीट २८ बाय ३८ सेंटिमीटरचा, त्याला ४० बाय ५० ची फ्रेम येते. काचेऐवजी दोन मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट लावा. पडली तर कोणाला लागत नाही. गॅलरीत चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात, कारण तिथे बघणारा उभा असतो. इथे बघणारी बाई बसलेली आहे, तेव्हा मध्य ७५ सेंटिमीटरवर आणा. पायरीला टेकवून ठेवलं तरी काम होतं. टांगायचंच असेल तर खालचे दोन कोपरेही बांधा. नदीवरचा वारा फ्रेम आपटवतो आणि पहिलं सुटतं ते वरचं खिळ्याचं टोक. दोन-चार चित्रं मांडीवर घेऊन दाखवायला कोणाला विचारावं लागत नाही, पण मांडणी करून रीतसर प्रदर्शन भरवायचं असेल तर घाट सार्वजनिक जागा आहे. महापालिकेची परवानगी आधी काढा. सिंहस्थ जवळ आल्यामुळे घाटावर कामं आणि बंदोबस्त दोन्ही वाढलेले असतात, त्यामुळे जागा दोन दिवस आधी जाऊन पाहून या. आणि पावसाळा नकोच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाट पाण्याखाली जातो. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून पूर मोजणाऱ्या नाशिककराला हे सांगायला नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

तिथे 'आवडलं का?' असं विचारू नका. लोक भिडेखातर हो म्हणतात आणि विषय संपतो. 'यात काय चुकलं?' असं विचारा. मग खरं ऐकायला मिळेल: सुई अशी धरत नाहीत, टोपलीचा काठ या बाजूला असतो, मी पदर कमरेला खोचते तो डावीकडे. प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत. काही सूचना तुम्ही स्वीकारणार नाही, तेही ठीक. पण का स्वीकारली नाही ते शेजारी लिहा. कोणी 'मला जरा गोरी काढ' म्हणेल. इथे चित्रकाराला ठाम राहावं लागतं. अशा वेळी तिला तिच्या हाताशेजारी रंगाचा ठिपका धरून दाखवा. बर्न्ट सिएनात किंचित अल्ट्रामरीन घातलेला तो रंग कातडीवर किती जिवंत दिसतो हे पाहून बहुतेक वेळा ती स्वतःच मान्य करते. नाहीच केलं तर तो तिचा अधिकार आहे, ते चित्र विकू नका. शेवटी प्रत्येकीला एफोर आकाराची मॅट कागदावरची प्रत द्या.

ब्रुगेराबद्दल थोडक्यात. ती मूळची क्युबाची. तिच्या 'आर्ते उतिल' या संकल्पनेतल्या 'उतिल' शब्दात उपयोगी आणि साधन असे दोन्ही अर्थ आहेत. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात तिने स्थलांतरितांसाठी एक केंद्र उघडलं. तिथले वर्ग, सल्ला, मदत हेच ते कलाकाम. हा मार्ग तुमच्या कागदावरच्या चित्राला लागू करायला गेलात तर 'नदी वाचवा' लिहिलेली भिंत हाती येईल. चित्रही कमकुवत आणि नदीलाही फरक नाही. उपयोगी कला करायची तर पूर्ण वेगळं काम हाती घ्यावं लागेल आणि ते थेट उपयोगाचंच असावं लागेल. तुमच्या पत्रात ती ओढ दिसत नाही, म्हणून सध्या तो रस्ता बाजूला ठेवा. रिश्टरचं वाक्य १९८२ मधलं आहे, जर्मनीतल्या 'डॉक्युमेंटा' या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या कॅटलॉगमधलं. ते वाचून बरं वाटतं, पण त्याने तुमची बसायची जागा ठरत नाही.

या सहा फेऱ्या झाल्या की अर्जाचा रकाना भरायला बसा. पहिल्या वाक्यात तुम्ही काय करता, कशाने, कुठे. मग तुम्ही घेतलेला एक निर्णय आणि त्याचं कारण. मग त्याने काय बदललं. शेवटी जे सुटलं नाही ते. 'अंतर्मनाचा शोध', 'समाजाचा आरसा', 'अभिव्यक्तीचा प्रवास' हे शब्द आले की खोडा. परीक्षा सोपी आहे: तुमचं निवेदन दुसऱ्या एखाद्या चित्रकाराच्या नावाखाली जसंच्या तसं चालत असेल तर ते तुमचं नाही. नमुना म्हणून असं काहीतरी:

"मी नाशिकच्या गोदाघाटावर जागेवर बसून जलरंगात काम करते. चार वर्षं मी सकाळच्या विरुद्ध प्रकाशात घाट रंगवला. त्यात माणसं दीड सेंटिमीटरची आणि बिनचेहऱ्याची होती. आता मी पायरीवर, बसून काम करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसते. इथली सहा चित्रं हार गुंफणाऱ्या एका बाईंच्या कामाची आहेत. प्रत्येक चित्र त्यांना दाखवलं. दोन चित्रांत त्यांनी हातांची चूक काढली. एक मी पुन्हा रंगवलं, दुसरं तसंच ठेवून शेजारी नवं काढलं. पातळी खाली आल्यावर नदी चित्रातून जवळजवळ नाहीशी झाली. बाई आणि नदी एकाच चित्रात कशा आणायच्या, हे मला अजून जमलेलं नाही."

हे उतरवून देऊ नका. यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या बाबतीत घडलेली असली पाहिजे. न घडलेलं लिहिलंत तर चित्रांसमोर उभं राहून विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडेल. हा नमुना ऐंशीच्या आसपास शब्दांचा आहे. २०० ही वरची मर्यादा असते, ती गाठायलाच हवी असं नाही.

राहिले बाबा. त्यांचा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही, कारण उपयोग या शब्दाचा अर्थ त्यांना तुमच्या-आमच्यापेक्षा पक्का माहीत आहे. तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करतात, तेव्हा ठोक्यामागे ठोका ओळीत बसतो आणि भांडं लखलखायला लागतं. गिऱ्हाईकाला ती नक्षी वाटते. पण तापवून मऊ केलेल्या तांब्याच्या पत्र्याला कठीणपणा येतो तो त्या ठोक्यांनी. ठोके नसलेला हंडा लवकर पोचे खातो. तिथे शोभा आणि उपयोग वेगळे काढता येत नाहीत. दृष्टिपातळीचं वर जे सांगितलं ते याच जातीचं आहे: बसायची उंची बदलली की चित्र वेगळं दिसतं आणि त्यातल्या माणसाची जागाही बदलते, एकाच ठोक्यात.

दुकानदाराच्या नजरेतून त्यांच्या प्रश्नाचा आणखी एक अर्थ निघतो, तोही ऐका. भांडं गळलं तर गिऱ्हाईक परत येतं. तुमची चित्रं टिकतात का? लाल ठिपक्यांसाठी जुन्या पद्धतीचं अलिझरिन क्रिमसन वापरत असाल तर ट्यूबवरचा पिगमेंट क्रमांक वाचा. पी.आर. ८३ असेल तर उजेडाच्या भिंतीवर ते काही वर्षांत फिकं पडतं, त्याऐवजी पी.व्ही. १९ घ्या. कागद ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कॉटन, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आम्लमुक्त. काच आणि कागद यांच्यात माउंटच्या जाडीची तरी फट हवीच. नाशिकच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या कागदावर ओल धरते आणि बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. विकलेल्या प्रत्येक चित्रामागे रंग, कागद आणि साल लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.

आणि घाटावर जायच्या आधी सहा फेऱ्यांमधली एक उसनी घ्या आणि जिथे भांड्याला ठोके पडतात तिथे दोन तास बसा, खाली, ठोकणाऱ्याच्या पातळीवर. हातोडी वर, हातोडी खाली, भांडं फिरलं: तीन अवस्था, तीन स्केचेस, एका पानावर. ते पान दुकानात नेऊन बाबांच्या हातात द्या आणि काय चुकलं ते विचारा. दांडा कुठे धरतात, मनगट किती वळतं, भांडं फिरवणारा डावा हात कुठे असतो, हे ते सांगतील. वही-पेन्सिल जवळ ठेवा.